न पाहिलेले पावसाळे

रणगाड्याची लहान प्रतिकृती घडवणाऱ्याचे काम दोन टप्प्यांत होते आणि दुसरा टप्पा पहिल्याच्या विरोधात जातो. पहिल्या टप्प्यात तो प्लॅस्टिकचे सुटे भाग चौकटीपासून कापून वेगळे करतो, कडा घासतो, जोड चिकटवतो, फटींत पुट्टी भरतो आणि एक निर्दोष वस्तू सिद्ध करतो. दुसऱ्या टप्प्यात तो त्या निर्दोष वस्तूवर गंज, धूळ, तेलाचे ओघळ, चिखल आणि ओरखडे चढवतो. ह्या दुसऱ्या टप्प्याला ही हौस असलेले लोक ‘वेदरिंग’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द रूढ नाही. परंतु अनुभवी माणसाविषयी ‘त्याने चार पावसाळे अधिक पाहिले आहेत’ असे जे मराठीत म्हटले जाते ते ध्यानात घेतले, तर ह्या क्रियेचे मर्म उलगडते. न पाहिलेले पावसाळे वस्तूच्या अंगावर लिहिण्याची ही क्रिया आहे. वस्तू कालच खोक्यातून निघालेली असते. तिला भूतकाळ नसतो. तो रचून द्यावा लागतो. भूतकाळ रचून देण्याचा हा उद्योग कथाकार, कादंबरीकार आणि बखरकार ह्यांच्या उद्योगाच्या इतका जवळचा आहे, की साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे केवळ रिकामपणाचा छंद म्हणून पाहणे बरे नव्हे.

येथे विचार करावयाचा आहे तो युद्धखेळाच्या टेबलावर उतरणाऱ्या प्रतिकृतीचा. काचेच्या कपाटातील प्रतिकृती केवळ पाहिली जाते; खेळातील प्रतिकृती पाहिलीही जाते आणि हाताळलीही जाते. ती एकाच वेळी शिल्प आहे आणि सोंगटी आहे. थर्माकोलच्या टेकड्यांवरून तिला इंचाइंचाने सरकायचे असते, तिचा बुरूज फिरला पाहिजे, डब्यात बंद होऊन दुसऱ्या गावी जाऊन ती धड परत आली पाहिजे. म्हणून तोफेची नळी प्रमाणापेक्षा किंचित जाड ठेवतात, नाजूक कड्या-आकडे गाळतात, बुरुजाच्या तळाशी लोहचुंबकाची चकती बसवतात. प्रमाणाचा प्रश्नही दिसतो तितका गणिती नाही. युद्धखेळांत प्रचलित असलेले अठ्ठावीस मिलिमीटर हे माप सैनिकाच्या तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरण्याची रीत आहे. माथ्यावर शिरस्त्राण कोणते असेल ह्याचा नेम नसतो. त्याला अनुरूप म्हणून वाहनांचे प्रमाण साधारणतः १:५६ मानले जाते. संग्राहकांत सर्वमान्य झालेले १:३५ हे प्रमाण तर ह्याहून गमतीच्या रीतीने जन्मले. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानच्या तामिया कंपनीने पँथर ह्या जर्मन रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली. आत बॅटरीचे सेल नीट मावावेत ह्या हिशेबाने तिचा आकार ठरला, आणि पुढे तोच आकार जगभर वास्तवतेचे माप होऊन बसला. ‘करमणूक’च्या अंकांतून क्रमशः येणाऱ्या ह. ना. आपटे ह्यांच्या कादंबऱ्यांतील प्रकरणांचा विचार करताना साप्ताहिकाच्या गरजा विसरून चालत नाही, तसेच हे. वास्तववादाची मापे पुष्कळदा वास्तवाबाहेरच ठरतात.

उदाहरणादाखल सेंच्युरियन हा रणगाडा घ्यावा. तो ब्रिटिश बनावटीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो आकाराला आला आणि १९४५ मध्ये युरोपात पोचला तेव्हा तेथील लढाई संपली होती. पुढे अनेक देशांच्या सैन्यांतून तो लढला. भारताच्या चिलखती दलातून १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढला. नळी वगळता त्याची लांबी सुमारे ७.६ मीटर, १:५६ च्या प्रमाणात ती साडेतेरा सेंटीमीटर होते. चार माणसांना पोटात घेणारे पन्नास टनांचे यंत्र तळहातावर येते. क्लोद लेव्ही-स्ट्राउसने १९६२ च्या ‘ला पाँसे सोव्हाज’ ह्या ग्रंथात लघुप्रतिकृतीविषयी एक मार्मिक विचार मांडला आहे. मोठी वस्तू आपण अंशाअंशाने जाणतो. लघुरूपात मात्र पूर्णाचे ज्ञान अंशांच्या ज्ञानाआधी होते, आणि म्हणून वस्तूवर आपली सत्ता चालते असे वाटते. सेंच्युरियनसमोर प्रत्यक्ष उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याचे चाकांचे पट्टे दिसतात, किंवा बुरूज दिसतो, किंवा भय दिसते. टेबलावर वाकलेल्याला तो सबंध दिसतो. भय तेवढे त्या सबंधात येत नाही.

ह्या यंत्राच्या नावाचीही एक कथा आहे आणि ती मराठी वाचकाने जाणून घ्यावी अशी आहे. पहिल्या महायुद्धात हे वाहन गुप्तपणे तयार होत असताना ते पाणी साठवण्याचे पात्र आहे अशी बतावणी करण्यासाठी त्याला ‘टँक’ म्हटले गेले. काही गाड्यांवर त्या जपून पेट्रोग्राडला पोचवाव्यात अशा अर्थाची रशियन अक्षरेही रंगवली होती. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ते प्रथम उतरले, आणि बतावणीचे नाव खरे नाव झाले. इंग्रजीतील हा ‘टँक’ शब्द पोर्तुगीज ‘तांके’बरोबरच गुजराती-मराठीतील ‘टांके’, म्हणजे गडागडांवर कातळात खोदलेले आपले टाके, ह्या शब्दाशी कोशकार जोडतात. मराठीने मात्र आपलाच शब्द परत न घेता ‘रणगाडा’ हा नवा शब्द घडवला, हे भाषेच्या दृष्टीने योग्यच झाले. तात्पर्य, अंगावर खोटी खूण रंगवणे हे ह्या यंत्राला जन्मापासून परके नाही.

आता प्रत्यक्ष क्रियेकडे. घडवणारा प्रथम सर्वांगाला गडद तपकिरी अस्तर देतो. त्यावर गंजाच्या तीनचार छटा स्पंजाच्या तुकड्याने टिपतो. ते वाळले की केसांवर मारायच्या हेअरस्प्रेचे एकदोन पातळ थर फवारतो, आणि त्यावर एअरब्रशने हिरवा ॲक्रिलिक रंग. काही वेळाने आखूड केसांचा कुंचला पाण्यात बुडवून कडा हलकेच घासल्या, की पाणी रंगाखालचा स्प्रे सैल करते आणि हिरवा रंग कपच्यांनी सुटून खालचा गंज उघडा पडतो. मग चकचकीत व्हार्निश. त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग. बारीक कुंचल्याचे टोक नुसते टेकवले तरी तो रंग आपण होऊन रिव्हेटींभोवती आणि सांध्यांतून धावतो. ओघळांसाठी तैलरंगाचे टिंब ठेवून, टर्पेंटाइनने जेमतेम ओला केलेला चपटा कुंचला वरून खाली ओढायचा; नेहमी वरून खाली, कारण पाऊस वरून खाली पडतो. पट्ट्यांचा जो भाग जमिनीला घासतो तेथे शिसपेन्सिलीची पूड चोळून धातूची चमक आणायची. उरलेला भाग मळकट तपकिरी. सायलेन्सर मात्र खरोखरच गंजका हवा, कारण तेथे उष्णतेने रंग टिकत नाही. शेवटी धुळीची चूर्णे. ती ‘युरोपची धूळ’, ‘रशियाची माती’, ‘व्हिएतनामची माती’ अशा नावांनी बाटल्यांत विकली गेली आहेत. एकेका देशाची भूमी चमचाभर. पंजाबच्या गाळाची राखट-तपकिरी छटा हवी असलेला त्यांतील दोनतीन एकत्र करतो. चाकांशी चूर्णात प्लास्टर मिसळून दाट चिखल, वर जावे तसतशी विरळ धूळ. आणि एक फार सूक्ष्म गोष्ट: झाकणांभोवती, पुढल्या पत्र्यावर, जेथे आत-बाहेर करणाऱ्यांचे पाय पडतात तेथे धूळ पुसायची आणि रंग झिजवायचा.

ह्या क्रमात कथनमीमांसेला परिचित असलेला एक भेद आढळतो. रशियन रूपवाद्यांनी घटना ज्या क्रमाने घडतात तो क्रम आणि त्या ज्या क्रमाने मांडल्या जातात तो क्रम वेगळा काढला. रणगाड्याच्या कल्पित चरित्रात आधी रंग लागला, मग ओरखडा पडला, मग उघड्या लोखंडावर गंज चढला. घडवण्याच्या क्रमात गंज सर्वांत आधी येतो, मग रंग, मग ओरखडा. शेवट आधी लिहून त्यावर आरंभाचे आवरण घालायचे आणि मग ते जागोजाग फाडायचे ही रहस्यकथाकाराची रीत आहे. अनुभवी घडवणारा ह्यापुढेही जातो. हा ओरखडा कशाने पडला, ह्या बाजूचा चिखल वाळलेला आणि त्या बाजूचा ओला का, इंधन ओतताना ते कोठे सांडले असेल, ह्याचे मनोमन कथानक रचल्याखेरीज तो कुंचला उचलत नाही. ज्याने कथानक रचलेले नाही त्याची धूळ सर्वत्र सारखी असते आणि ती लगेच ओळखू येते.

परंतु हे सारे प्रत्यक्षाशी ताडून पाहिले तर? युद्धात सापडलेल्या रणगाड्याचे आयुष्य बहुधा इतके दीर्घ नसते की त्याच्या अंगावर इतका गंज चढावा. जे काही महिन्यांत जळते किंवा घरी परतते, त्याच्या अंगावर दहा वर्षांची उपेक्षा रंगवली जाते. ही गोष्ट घडवणाऱ्यांना ठाऊक असते आणि तरीही ते रंगवतात, कारण पाहणाऱ्याला ते हवे असते. रोमान याकबसनने १९२१ च्या आपल्या वास्तववादविषयक निबंधात दाखवून दिले, की प्रत्येक नवा संप्रदाय आधीच्या संप्रदायाला कृत्रिम ठरवून आपण वास्तवाच्या अधिक जवळ असल्याचा दावा करतो. लघुप्रतिकृतींच्या इतिहासात हेच घडले आहे. बेल्जियमच्या फ्रांस्वा फेर्लिंडेनने १९७० आणि १९८० च्या दशकांत कोरड्या कुंचल्याने कडा उजळण्याची आणि खाचांत गडद रंग सोडण्याची शैली लोकप्रिय केली. तेव्हा ती साक्षात वास्तव वाटली. पुढे मिग हिमेनेस आणि इतर स्पॅनिश कलावंतांची शैली आली, तिने प्रत्येक पृष्ठभागावर उजेड-सावलीच रंगवून टाकली, आणि फेर्लिंडेनचे रणगाडे पिठात लोळल्यासारखे दिसू लागले. उद्या तिचेही तसेच होईल. गंज ही चार्ल्स पर्सच्या परिभाषेत दर्शक खूण आहे: धूर जसा अग्नीचा, तसा गंज पाण्याचा आणि काळाचा परिणाम म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवतो. रंगवलेला गंज दर्शक खुणेचे रूप घेतो. प्रत्यक्षात तो संकेत असतो, आणि संकेताप्रमाणेच तो जुना होतो.

रोलाँ बार्तने १९६८ मध्ये फ्लोबेरच्या एका कथेतील पियानोवरच्या वायुभारमापकाकडे लक्ष वेधले. कथानकाला त्याचा काही उपयोग नाही. ‘आम्ही वास्तव आहोत’ एवढेच अशा वस्तू सांगतात. रणगाड्यावरील गंज ह्याच कुळातला. मराठीत ह्याचे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. ग्रामीण म्हणून ओळखल्या गेलेल्या कितीतरी कथा-कादंबऱ्यांत निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असतात. व्यंकटेश माडगूळकरांसारख्या समर्थ लेखकाच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) ह्या दुभंगाला कारण आहे, कारण निवेदक हा बाहेरून आलेला शिक्षक आहे, त्याची भाषा आणि वाडीची भाषा ह्यांतील अंतर हाच त्या कादंबरीचा एक विषय होतो. अनुकरण करणाऱ्यांच्या हाती मात्र बोली ही बाटलीतली माती झाली. घासूनपुसून लखलखीत केलेल्या निवेदनावर संवादांपुरती माणदेशाची किंवा कोकणाची धूळ भुरभुरली, की काम झाले. ऐतिहासिक कादंबरीतील बखरीच्या शब्दकळेचेही पुष्कळदा तेच होते. धूळ सर्वत्र सारखी असते. पाय कोठे पडले असतील ह्याचा विचार झालेला नसतो.

येथवरचे विवेचन प्रतिकृती म्हणजे अनुकृती ह्या गृहीतावर झाले. खेळातली सोंगटी ह्या गृहीताला हादरा देते. ई. एच. गोम्ब्रिखने १९५१ च्या एका निबंधात मुलांचा काठीचा घोडा घेतला. ती काठी घोड्यासारखी दिसत नाही. तिच्यावर बसता येते म्हणून ती घोडा होते. तिचे मूळ सादृश्यात नसून पर्यायित्वात आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉरहॅमर ४०,००० हा भविष्यकाळातील युद्धांचा खेळ ब्रिटनमध्ये सुरू झाला तेव्हा टेबलावर उतरवायला पुरेशी तयार वाहने नव्हती. तेव्हा दुर्गंधनाशकाच्या रिकाम्या प्लॅस्टिक डबीपासून तरंगता रणगाडा कसा करावा हे त्या मंडळींनी सचित्र दाखवले होते, आणि जुने खेळाडू अजून त्याची आठवण काढतात. ती डबी काठीचा घोडा होती. महाराष्ट्रात दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्याच्या दरवाज्यापेक्षा पहारेकरी दुप्पट उंच असतो, मावळ्याच्या शेजारी वाघ आणि कधी प्लॅस्टिकची मोटारही असते, डोंगरावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ आणतात. प्रमाणाची कोणाला क्षिती नसते आणि किल्ल्यावर जुनेपण चढवावे असे कोणाच्या मनात येत नाही. त्यावर अवकाळी पाऊस पडला तर तो खराच पडतो.

इंग्रजीत छंदाला ‘हॉबी’ म्हणतात तो शब्द ह्याच काठीच्या घोड्यावरून आलेला आहे, आणि लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’तील (१७५९-६७) अंकल टोबी हा त्या घोड्याचा सर्वांत प्रसिद्ध स्वार. नामूरच्या वेढ्यात त्याला जांघेत जखम झाली. भेटायला येणाऱ्यांना आपण नेमके कोठे उभे होतो हे तो सांगू जातो आणि खंदक, बुरूज, तट ह्यांच्या नावांत अडखळतो. सांगणे जमत नाही म्हणून तो नकाशे मागवतो. नकाशे पुरत नाहीत म्हणून आपल्या सेवकासह हिरवळीवर तटबंदीच्या प्रतिकृती उभारतो. युद्धाच्या लघुप्रतिकृतीचे साहित्यातील हे आद्य प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे: तेथे प्रतिकृती जखमेपासून सुरू होते. जखमेची जागा शब्दांनी दाखवता येईना म्हणून ती घडवली गेली.

भारतीय काव्यशास्त्रातही एक घोडा आहे. नट आणि राम ह्यांच्या नात्याविषयी श्रीशंकुकाने चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला. चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक् नसते, मिथ्या नसते, संशयाची नसते आणि सादृश्याचीही नसते. ती ह्या चारींहून निराळी असते. शंकुकाच्या मते प्रेक्षक विभाव-अनुभावांवरून नटाच्या ठायी स्थायी भावाचे अनुमान करतो. ही चिन्हे कृत्रिम असतात. पण अभ्यासाच्या बळावर ती कृत्रिम वाटत नाहीत. रंगवलेल्या गंजाचे ह्याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. परंतु अभिनवगुप्ताने आपले गुरू भट्टतौत ह्यांचा जो प्रतिवाद नोंदवला आहे तो अधिक तीक्ष्ण आहे. धुक्याला धूर समजून कोणी अग्नीचे अनुमान केले तर ती चूक झाली, पण निदान समजण्याजोगी. मात्र हे धुके धुराचे अनुकरण आहे असे ज्याला माहीत आहे तो त्यावरून अग्नीच्या अनुकरणाचे, म्हणजे लाल जास्वंदीच्या राशीचे, अनुमान करीत नाही. खोट्या खुणेवरून खोट्या वस्तूचे अनुमान होत नाही, असा हा आक्षेप आहे.

युद्धखेळाच्या टेबलाने भट्टतौतांना उत्तर द्यावे अशी योजना केल्यासारखे वाटते. सोंगटीरूप रणगाडा नष्ट झाला की त्यावर कापसाचा बोळा ठेवण्याची पद्धत आहे. बोळा काळा फवारलेला असतो आणि बुडाशी शेंदरी-लाल रंगवलेला. काही जण आत लुकलुकणारा छोटा दिवाही ठेवतात. धुराचे अनुकरण, आणि त्याखाली अक्षरशः जास्वंदीची रास. टेबलाभोवतीच्या कोणालाही हा धूर वाटत नाही, आणि तरी सर्वांना त्यावरून एका गोष्टीचे निश्चित ज्ञान होते: ही सोंगटी ह्यापुढे हलणार नाही. म्हणजे खोट्या धुरावरून खोट्या अग्नीचे अनुमान झाले. त्यासाठी नियमपुस्तक लागले एवढेच. शंकुकाच्या सिद्धान्तात नव्हती ती गोष्ट म्हणजे हे पुस्तक. रसाला नियम पुरत नाहीत, खेळाला पुरतात.

मात्र नियम काय नोंदवतो आणि काय वगळतो, हे पाहावे लागते. लष्करी शिक्षणासाठी झालेल्या युद्धखेळाचा इतिहास येथे बोलका आहे. प्रशियाच्या राइस्व्हिट्झने १८२४ मध्ये सादर केलेला ‘क्रीगश्पील’ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर साध्या लांबट ठोकळ्यांनी खेळला जाई. ठोकळ्यांना चेहरा नव्हता, धूळ नव्हती. खऱ्या युद्धांची तयारी करणारा खेळ असा स्वच्छ होता. उलट एच. जी. वेल्सने १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये बैठकीच्या जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून, स्प्रिंगच्या तोफांनी लाकडी गोळ्या झाडून त्यांना पाडण्याचा खेळ सांगितला, आणि अखेरीस मोठ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध किती बरे असा उपहास केला. पुढल्याच वर्षी मोठे युद्ध आले. वेल्सच्या सैनिकांवरही धूळ नव्हती. ते चकचकीत खेळण्यातले होते. धूळ आली ती नंतर, जेव्हा हा खेळ मुख्यतः झालेल्या युद्धांच्या आठवणींवर जगू लागला तेव्हा. ज्या खेळाने काही घडवायचे नसते त्याला घडून गेलेल्याच्या खुणा हव्याशा वाटतात.

पण कोणत्या खुणा? दुसऱ्या महायुद्धावर आधारलेल्या एका सुप्रसिद्ध खेळाच्या नियमांत, रणगाड्यावर आघात झाला की ‘आतील माणसे बाहेर पडली’ असा एक निकाल संभवतो. पुढल्या फेरीत फासा अनुकूल पडला तर तीच माणसे परत आत शिरतात. नियम म्हणून हा चतुर आहे. आता सेंच्युरियनकडे परत यावे. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात, १८१७ मध्ये, उभ्या राहिलेल्या घोडदळाचा वारसा सांगणारी पूना हॉर्स ही रेजिमेंट पुढे घोडे सोडून रणगाड्यांवर चढली, पण नावातला घोडा तिने ठेवला. १९६५ मध्ये फिल्लोराच्या रणगाडायुद्धात तिचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर लढले आणि त्या मोहिमेत धारातीर्थी पडले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ह्यांच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनला आघात होऊन आग लागली. रणगाडा सोडण्याची आज्ञा झाली. तोफ अजून चालत होती म्हणून ते बाहेर पडले नाहीत. तेव्हा त्यांचे वय एकवीस होते. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ‘आतील माणसे बाहेर पडली’ हा निकाल टाकणाऱ्या फाशाला ह्या नकाराचे काय करावे हे कळत नाही. नियमात बाहेर पडण्याची तरतूद आहे आणि मरण्याचीही आहे. न पडण्याची नाही.

‘फामागुस्ता’ पुढे दुरुस्त करून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला. त्याच शहरात १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. उघड्यावर मांडलेल्या लोखंडाला वेळोवेळी रंग द्यावाच लागतो, नाहीतर ते खरोखर गंजून जाईल. त्यामुळे संग्रहालयांच्या आवारातले रणगाडे सर्वत्र असतात तसे येथेही नीटनेटके, एकसारख्या रंगाचे दिसतात. पट्टे काळे, अंक पांढरे, सारे कसे ताजे. पाहणाऱ्यांपैकी कोणी तरी हे खेळण्यासारखे दिसते असे म्हणतोच, आणि त्यात त्याची चूक नसते. ज्याने पावसाळे खरोखर पाहिले त्याच्या अंगावरून ते पुसून टाकले जातात. ज्याने ते पाहिले नाहीत त्याच्या अंगावर ते रंगवले जातात. जतन करणे आणि रंगवणे ह्या दोन्ही क्रियांना हेतू आहे, आणि दोहोंत प्रत्यक्ष खूण मात्र हरवते.

हाच व्यवहार टेबलावरही चालू असतो, आणि त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. खेळातली प्रतिकृती वर्षभर हाताळली गेली की तिच्यावर खऱ्या खुणा उमटू लागतात. जेथे बोटे धरतात तेथे, बुरुजाच्या कोपऱ्यांवर आणि नळीच्या टोकाला, रंग उडतो; एखादी कडी तुटते; मॅट व्हार्निश बोटांच्या तेलाने चकाकू लागते. हे ओरखडे कल्पित युद्धाचे नसतात, प्रत्यक्ष खेळाचे असतात. कोणा मित्राच्या हातून ती पडली त्या संध्याकाळचे असतात. आणि त्यांच्याखालून दिसतो तो गंज नव्हे, तर करडे प्लॅस्टिक. घडवणारा ते पाहताच अस्वस्थ होतो. त्या रात्री दिव्याखाली बसून तो नेमक्या छटेचा हिरवा रंग मिसळतो आणि खरा ओरखडा बुजवतो. बुजवलेली जागा फार नवी दिसू नये म्हणून मग तिच्यावर सुईच्या टोकाने एक खोटा ओरखडा काढतो.

उरतो तो सेनापती. रणगाड्याच्या उघड्या झाकणातून वर आलेली, दुर्बीण हाती घेतलेली छोटी आकृती. तिच्यावर घडवणारा फार जीव लावतो: डोळ्यांखाली सावली, कॉलरवर मळ, गालाच्या हाडावर उजेडाचा ठिपका. तिच्या भोवतीच्या पत्र्यावर आत-बाहेर करणाऱ्या पावलांनी झिजलेली धूळ त्याने आधीच रंगवलेली असते. पण अशा आकृत्या बहुधा कमरेपर्यंतच घडवलेल्या मिळतात. झाकणाखाली काही दिसणार नसते, म्हणून खाली पाय नसतात, जांघ नसते, अंकल टोबीला जेथे जखम झाली ती जागाच नसते. बुरूज उचलून पाहिला तर आत लोहचुंबकाची चकती आणि वजनासाठी टाकलेला शिशाचा तुकडा तेवढा सापडतो.